माझं गोकुळ परत पाठव

बोरवस्ती, ता. वडवणी
२ डिसेंबर २०२४

चि. दिपाली,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे जात नाहीत. पण राग आहे, तो आधी वाच.

परवा मी तुला म्हटलं की यापुढे तुझ्याशी फोनवर एक शब्द बोलणार नाही. ते मी पाळणार. पण लिहिणार नाही असं काही म्हटलेलं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. पत्रात एक बरं असतं, तुला मध्येच ‘आई, आधी ऐकून तर घे’ म्हणता येत नाही.

सांगायचं एकच आहे. माझं गोकुळ परत पाठव. रथसप्तमी चार फेब्रुवारीला आहे. त्याच्या आत ते मला माझ्या घरी हवं.

तू काय केलंस ते मी एकदा ओळीनं लिहिते, म्हणजे मला काय काय कळलंय ते तुलाही कळेल. या दिवाळीत वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत मी रोज सकाळी अंगणात शेण घेऊन बसले आणि तू माझ्याजवळ बसून फोटो काढत राहिलीस. गाई झाल्या, विहीर झाली, जात्यावर दळणारी झाली, ताक घुसळणारी झाली, पाण्याला निघालेल्या गवळणी झाल्या, डोंगराला टेकून झोपलेला पेंद्या झाला. तू कुरडूचे तुरे आणून दिलेस, झेंडू खोवलास. इतक्या वर्षांनी लेक दिवाळीला आली आणि माझ्या शेजारी बसली, म्हणून मी हरखून गेले होते. भाऊबीजेनंतर मी एकेक बाहुलं अलगद उचलून पत्र्यावर वाळत ठेवलं. तू आणखी आठवडाभर राहिलीस. मला वाटलं, माझ्यासाठी राहिलीस. तू ते वाळायची वाट बघत होतीस. बाजाराच्या दिवशी मी वडवणीला गेले आणि परत आले तर पत्रा मोकळा आणि तू पुण्याच्या गाडीत.

तुझ्या आप्पांना विचारलं. ते म्हणाले, “पोरगी म्हनली परदर्शनाला नेती. म्या म्हनलं, ने. शेणच तर हाय.” वर फुटू नये म्हणून स्वतःच्या जुन्या धोतरात बांधून दिलं म्हणे. त्या दिवशी त्यांच्या ताटात मी भाकरी वाढली आणि कोरड्यास वाढायला विसरले.

तरी मी गप्प बसले. म्हटलं, प्रदर्शन संपेल, येईल परत. मग ताराबाईच्या सुनेनं, वैष्णवीनं, मोबाइलवर फोटो दाखवला. काळं कापड, वर दिवे, भोवती काच, आणि आत माझं गोकुळ चकचकतंय. दिपे, तू शेणाला वार्निश लावलंस. बाकड्याला लावतात ते. पेंद्याचं पोट असं चमकत होतं की तुझे आप्पासुद्धा म्हणाले, “मी एवढा तेलकट हाय का?” पेंद्या मी त्यांच्यावरूनच करते हे सगळ्या वस्तीला माहीत आहे.

खाली तू पाटी लावलीस, ‘दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडण्याची बीड जिल्ह्यातील लोककला’, आणि त्याखाली माझं नाव. अर्धंच लिहिलंस. पुढचं कुणी लिहायचं? ते गोकुळ वाळवतात, राखतात आणि रथसप्तमीला त्याच गोवऱ्या अंगणात पेटवून त्यांच्यावर सूर्याला दूध उतू घालवतात. हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. मग पाटीवरून का गाळलंस?

आणि विहिरीवर चुगल्या करणाऱ्या दोघींतल्या एकीखाली ‘अनाम गवळण’ लिहिलंस. ती अनाम कशी असेल? ती ताराबाई आहे. नाक बघ तिचं. ताराबाईला मात्र तिथं राहणं फार आवडलंय. ती मला म्हणते, “मी ऱ्हाते की पुण्याला काचंत. मला कावून जाळती? तुज्या पेंद्याला जाळ.”

मी सगळ्यांना जाळणार आहे. पाठवून दे.

तुझी आई

१५ डिसेंबर २०२४

चि. दिपाली,

तुझा निरोप आप्पांच्या मोबाइलवर आला. त्यांनी चष्मा लावून, अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचला, त्यामुळे तो अर्ध्या वस्तीनं ऐकला. प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेला शब्द दिलाय म्हणतेस. ते गोकुळ कायमचं ठेवणार आहेत. आईचं नाव राहील. जाळून काय मिळणार आहे?

तू दिलेला शब्द तुझा आणि गोकुळ माझं. दोन्ही एकात कालवू नकोस.

जाळून काय मिळणार ते मात्र सांगते, कारण हे मी तुला आजवर सांगितलेलं नाही. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या दिवाळीला तुझ्या आजीनं मला शेण दिलं आणि म्हणाली, “घाल गवळणी, बघू काय येतं.” या घरात तोवर गवळणी म्हणजे पाच गोळे आणि त्यांच्यावर पाच काड्या. मी माहेरी काळ्या मातीचे बैल करत वाढलेली. शेणात हात घातला आणि मला दुपारचं जेवण आठवलं नाही. एक गवळण वेणी घालतेय, एक पोराला पाजतेय, एक म्हातारी काठी टेकून ओरडतेय. ओरडणारी तुझ्या आजीसारखी झाली. मुद्दाम केली नव्हती, पण झाली. सगळी वस्ती बघायला आली आणि आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तरी पुढच्या वर्षी पुन्हा तशीच केली.

पण दिवाळी सरली की ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर दारात. भांडी, कोयते, पिठाचा डबा, कोंबड्या, सगळं ट्रॉलीत आणि त्यावर आम्ही. गोकुळ मागे पत्र्यावर, अजून ओलं. रथसप्तमीला मी कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असायची. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना पूर्वेला ऊन दिसायचं आणि मनात यायचं, आता घरी सासूबाईंनी काडी लावली असेल. माझं सगळं गोकुळ कसं पेटतं, धूर कुठल्या अंगाला जातो, दूध कुणीकडे सांडतं, ते मला कधीच बघायला मिळालं नाही. उन्हाळ्यात परत आलो की अंगणात काळा डाग असायचा, तोही पुसट.

मग आप्पांची कंबर गेली आणि ऊसतोड सुटली. म्हटलं, आता आपण घरी आहोत. रथसप्तमीला मी काडीपेटी घेतली तर आजीनं हातातून काढून घेतली. म्हणाली, “इतकी वरसं तुमी तिकडं आन मी हितं राखलंय. काडी माजी.” तिचंही खोटं नव्हतं. मी दूध आणून दिलं आणि मागे उभी राहिले. नव्वदीला टेकली, डोळ्यांनी दिसेना, तरी तिनं काडी सोडली नाही. हात धरून रचलेल्या गोकुळाजवळ न्यायला लागायचं, पण काडी तीच ओढायची. गेल्या चैत्रात ती गेली. तू आली होतीस तेराव्याला.

म्हणजे ही पहिली रथसप्तमी आहे, जेव्हा माझं गोकुळ मी पेटवणार. बाकी आयुष्यात मी खूप काही मागितलं आणि त्यातलं थोडं मिळालं, त्याचं रडगाणं मी कधी लावलं नाही. पण ही काडी माझी आहे. ती तू आणि तुझी संस्था मिळून काचेत बंद करू शकत नाही.

माझ्या बोटांबद्दल तू आप्पांना विचारलंस म्हणे. त्यांना विचारायची गरज नाही. थंडीत सगळ्यांचीच बोटं आखडतात. दिवाळीत गाईंची शिंगं आप्पांनी लावली, ती त्यांना हौस आली म्हणून. हे पत्र दोन बैठकींत लिहिलंय, कारण मध्ये तूर झोडायची होती.

तुझी आई

३१ डिसेंबर २०२४

चि. दिपाली,

तुझ्या संस्थेतला तो गहिनीनाथ काल येऊन गेला. गाडीतून आला, हातात शाल आणि नारळ. मी लांबूनच ओळखलं की हा माझा सत्कार करून गोकुळ पचवायला आलाय. भांडायच्या तयारीनं मी चहाला आधण ठेवलं.

पण पोरगा भांडायला मिळेना. “काकू, मी आष्टीकडचाच हाय,” म्हणाला आणि खाट सोडून माझ्यासमोर जमिनीवर बसला. मग पुण्याची भाषा बोलायला लागला. तुमची कला जपली पाहिजे, लोक थांबून थांबून बघतात, एक म्हातारी बाई तर काचेला हात लावून रडली. मी म्हटलं, रडली असेल, तिला तिचं अंगण आठवलं असेल, त्यात माझं काय. मग म्हणाला, “काकू, असं करा, जाळायला दुसरं करा. पहिलं तिथं राहू द्या.”

हे त्याचं बोलणं अगदीच वेडगळ नव्हतं, म्हणून मी त्याला नीट उत्तर दिलं. म्हटलं, बाबा, पौषात गवळणी घालायच्या म्हणजे वरात घरी आल्यावर हळद लावायची. दिवाळीत पाच दिवस ज्याची पूजा झाली, ज्याच्यासमोर दिवा लागला, ते गोकुळ सूर्याला जातं. मी आज बसून केलं तर ते नुसतं शेण होईल. आप्पा तेवढ्यात म्हणाले, “शेणच तर हाय.” मी त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा ते बैलांना पाणी दाखवायला गेले.

गहिनीनाथ हसला. त्याची आईही घालायची म्हणे. घरापुढे सिमेंटचे ठोकळे बसवल्यापासून तिनं सोडलं. त्यानंच बसवले. “ती काही बोलली नाही, मलाही सुचलं नाही,” म्हणाला. मी त्याला धुऊन काढणार होते, पण त्याचा चेहरा बघून जीभ उचलेना. गोठ्यातून शेण आणून त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, कर एक गाय. त्यानं बाह्या सरसावल्या आणि केली. शेपूट जरा जाड झालं, पण मान सुरेख वळवली त्यानं. मी तसं सांगितलं तर लहान पोरासारखा फुलला. पौषात नुसतं शेण असलं तरी हात बसवायला चालतं.

जाताना म्हणाला, “मी दिपालीताईंना सांगतो. पण काकू, प्रदर्शन त्यांचं आहे. त्यांनी वर्षभर त्याच्यामागे घातलंय. मधोमध हे गोकुळच आहे. ते काढलं तर काय राहील?” हे त्यानं खरं सांगितलं. मला वाईट वाटलं, तेही लिहिते. तुझं काही बिघडावं अशी माझी इच्छा नाही. पण तू मला विचारलं असतंस तर मी तुला तुझ्यासाठी वेगळं करून दिलं असतं, दिवाळीतच, मन लावून. तू बाजाराच्या दिवसाची वाट बघितलीस.

शाल आप्पांनी घेतली. नारळाची चटणी केली.

तुझी आई

१६ जानेवारी २०२५

चि. दिपाली,

तुझं पत्र संक्रांतीला आलं. माझी वाण लुटायची गडबड होती, तरी ओट्यावर बसून वाचलं. मग डब्यात ठेवलं, मग पुन्हा काढलं. बायका सुगडं घेऊन आल्या तेव्हा माझे डोळे लाल होते आणि ताराबाईनं विचारलं, “काय झालं गं?” मी म्हटलं, तीळ भाजताना धूर गेला.

तू लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. आम्ही उसाला गेलो की तू शाळेतून आल्यावर शिडी लावून पत्र्यावर चढायचीस आणि गोकुळाशी बोलत बसायचीस. ताक घुसळणारीची पाठ माझ्यासारखी दिसायची, म्हणून तिला आई म्हणायचीस. रथसप्तमीला आजी सगळं रचायला लागली की तू घरामागे जाऊन कान झाकून बसायचीस. एका वर्षी त्या गवळणीला दप्तरात लपवलंस आणि आजीनं ती शोधून काढून तुझ्यादेखत जाळात टाकली. रथसप्तमीनंतर आम्ही येईपर्यंत घरात आईचं असं काही उरायचं नाही, असं लिहिलंस. आजीनं मला हे कधी सांगितलं नाही, तूही नाही. वाचून मी रडले. फार रडले.

पण दिपे, मी माफी मागणार नाही. तू मागितलेली नाहीस, तरी आधीच सांगून ठेवते. तुझ्याएवढ्या पोरी फडात उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करत होत्या, बारक्या भावंडांना काखेत घेऊन. वयात आल्या की लग्न आणि हातात कोयता. आप्पा म्हणायचे, पोरीला घेऊन जाऊ, पोर डोळ्यासमोर राहील. मी म्हटलं, ती शाळेच्या पाटीसमोर राहील. त्यावरून मी त्यांच्याशी भांडले, आजीशी भांडले, पोराबाळांना सोडून जाते म्हणून बायका बोलल्या त्यांच्याशी भांडले. तुझ्या हातात ब्रश आहे तो त्या भांडणातून आलाय. तुला तिथं एकटं वाटलं, त्याचं मला वाईट वाटतं. घरी ठेवलं त्याचं नाही वाटत.

आता माझंही एक ऐक. फडावर आमच्या पाचटाच्या कोपीपुढे चुलीला माती लागायची. त्यातली थोडी मी ठेवून घ्यायची आणि एक पोरगी करायची. दोन वेण्या, पाठीला दप्तर. कोपीच्या दाराशी ठेवायची. ट्रॅक्टर वळताना चाकाखाली जायची, कुत्री तुडवायची, मी पुन्हा करायची. मुकादम एकदा म्हणाला, “वनमाले, ऊस तोडाया आली का भावल्या कराया?” मी म्हटलं, “दोन्हीला.” टोळीतल्या बाया हसल्या आणि त्यानं त्या दिवशी आम्हाला सगळ्यात लांबची पात दिली. मी ती तोडली आणि येऊन पुन्हा पोरगी केली. तुझ्याकडे गोकुळ होतं, माझ्याकडे ती होती. मला ते तुला सांगायला इतकी वर्षं सुचलं नाही, कारण घरी आल्यावर तू समोर असायचीस.

पाठीचं म्हणशील तर मी माझी पाठ कधी बघितलेली नाही. मग ती मी करणार कशी? ती गवळण हाताला येईल तशी होते.

आणि हो, तू लिहिलंस की आई, यंदा आपल्या रानात तूर नाही, आप्पांनी कापूस लावलाय. बरं. सापडले. बोटं सकाळी मिटत नाहीत आणि मिटली तर उघडत नाहीत. वडवणीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, त्या घेते. तुला भीती वाटते की यापुढे माझ्या हातून गोकुळ होणार नाही, म्हणून हे शेवटचं असल्यासारखं तू वार्निश लावून ठेवलंस. मला ते फोटोत बघताक्षणीच कळलं होतं. शेणाचा राग नव्हता गं मला एवढा. मी जिवंत असताना तू मला काचेत ठेवलंस असं वाटलं, त्याचा राग होता. बोटं वाकली तर वाकड्या बोटांच्या गवळणी होतील. ताराबाईचं नाक तसंही वाकडंच आहे.

इतकं सगळं बोलून झालं तरी माझं मागणं तेच आहे. तू लहानपणी त्या आगीपासून पळालीस म्हणून मी आग सोडून द्यायची, असं होणार नाही. पाठवून दे.

तुझी आई

२९ जानेवारी २०२५

चि. दिपाली,

अजून काही आलं नाही. निरोप नाही, पत्र नाही. आप्पा रोज मोबाइल उलटा करून बघतात, जसं काही मागच्या बाजूनं येणार आहे.

ताराबाई म्हणाली, “माज्या गोवऱ्या घे, त्यात काय येवढं.” मनानं चांगली आहे ती. पण मी म्हटलं, दुसरीच्या गोकुळावर माझं दूध नको. नाही आलं तर मी रथसप्तमीला अंगण सारवीन, सूर्याचा रथ काढीन आणि रिकाम्या जागेसमोर बसून राहीन. कुणी विचारलं तर खरं सांगीन की लेकीनं नेलं आणि दिलं नाही. तुझी बदनामी करायची म्हणून नाही. मला खोटं नीट जमत नाही हे तू आत्ताच बघितलंस.

संक्रांतीचं एक सुगड दुधासाठी धुऊन ठेवलंय.

आई

५ फेब्रुवारी २०२५

चि. दिपाली,

परवा संध्याकाळी गहिनीनाथची गाडी आली. आष्टीला घरी चाललो होतो, म्हटलं पुढे येऊन देऊन जाऊ, असं म्हणाला. एवढं पुढे कुणी सहज येत नाही, तूच विनवलं असशील. पेटीत एकेक बाहुलं कापसात गुंडाळलेलं आणि सगळ्यांच्या वर आप्पांचं धोतर, धुऊन इस्त्री केलेलं. आप्पा म्हणाले, “धोतराला इस्तरी असती हे मला ठाव नव्हतं.”

काचेची पेटी तिथंच ठेवली आहेस, असं त्यानं सांगितलं. रिकामी, दिवे लावलेली. आणि पाटीवर पुढचं अर्धं लिहिलंस, ‘रथसप्तमीला हे गोकुळ पेटवून सूर्याला दूध उतू घालवतात. ते त्यासाठी घरी गेलं आहे.’ लोक रिकाम्या पेटीसमोर जास्त वेळ थांबतात म्हणे. संस्थेतले साहेब तुझ्यावर चिडलेत हेही त्यानं सांगितलं. चिडू देत. पाटी तू फार छान लिहिलीस. मला अभिमान वाटला. हे मी फोनवर सांगितलं असतं, पण शब्द तो शब्द.

काल सकाळी वस्ती गोळा झाली. मी अंगणात गोकुळ रचलं, खाली गाई, वर गवळणी, कडेला पेंद्या. उन्हात सगळं चमकायला लागलं तशा बाया कुजबुजल्या. ताराबाई म्हणाली, “वनमाला, हे पेटवू नको. वारनिशचा वास दुधाला लागंल. न्हाई तर घासून काढ आदी.” मी म्हटलं, माझ्या लेकीनं लावलंय, तसंच जाईल. सुगडात दूध ओतून वर ठेवलं आणि आप्पांकडे काडीपेटी मागितली. बोटांना काडी धरता येईना. आप्पांनी हात पुढे केला. मी माझा हात मागे घेतला नाही, पण काडीही दिली नाही. दोन्ही तळव्यांत धरून ओढली आणि लागली.

दिपे, काय पेटलं ते. साध्या गोवऱ्या धुमसतात, धूर काढतात, बाया फुंकर घालून दमतात. तुझं वार्निश असं भडकलं की पुढची रांग मागे सरकली. पेंद्या निळा जळला. दूध बघता बघता वर आलं आणि चारी बाजूंनी एकदमच उतू गेलं. पूर्वेला गेलं की पाऊस चांगला, असं इथं बघतात. यंदा कुणाला काही सांगता येईना. ताराबाई म्हणाली, आधी पूर्वेलाच गेलं, मी बघितलं. वैष्णवी म्हणाली, “आत्याबाई, तुमी जळत होता तेवा तुमी दुसरीकडं बघत होता.” मग ताराबाईलाही हसू आलं. उरलेल्या दुधाला शाळेतल्या नव्या बाकाचा वास येत होता. प्रसाद कुणी घेईना. मी सगळ्यांसमोर वाटीभर प्यायले आणि आप्पांनाही पाजलं.

तुला फोन आप्पांनी लावला होता, मी सांगितलं नव्हतं. त्यांनी मोबाइल समोर धरला आणि मला तू दिसलीस, कान झाकले नव्हतेस. मी बोलले नाही. फक्त बाजूला सरकले, म्हणजे तुला जाळ नीट दिसावा. मग पुन्हा जागेवर आले, म्हणजे मीही दिसावं. तू रडत होतीस. मीही रडत होते, पण धूर नव्हता, त्यामुळे यावेळी सांगायला काही कारण नाही. गोकुळ जळून खाली बसलं तरी मी तिथंच उभी होते. तू बघितलंस ना ते?

ताक घुसळणारी पेटीत नव्हती. कापूस उलटापालटा करून बघितला, मग माझ्या लक्षात आलं आणि मी पेटी बंद केली. राहू दे तुझ्याकडे. आजीच्या हातून सुटली नव्हती, माझ्या हातून सुटली असं समज. पण वार्निश लावलं तरी आत शेणच आहे. दोनचार पावसाळ्यांत कुठून तरी भुसा गळायला लागेल, तेव्हा हळहळत बसू नकोस.

यंदा दिवाळीला वसुबारसेच्या आधी ये. बाजाराच्या दिवशी मी कुठेही जाणार नाही. गाई आप्पा करतील, शिंगं त्यांना जमायला लागलीत. ताराबाईचं नाक मी करीन, तेवढं मला अजून येतं. ताक घुसळणारी नवी लागेल. तिचे हात मी करते, पाठ तू कर. मी ती कधी बघितलेली नाही, तू बघितली आहेस.

तुझी आई,
वनमाला